नाद करायचा, तर पाण्याचा!

तेलगावच्या चौकात उभे आहात. एका अंगाला बीड, दुसऱ्या अंगाला परळी, इकडे माजलगाव, तिकडे धारूर. चारही बाजूंचे हॉर्न एकदम कानात! आता डोळे मिटा आणि हा अख्खा चौक पाण्याखाली आहे असं समजा. काय होईल? हॉर्न चौपट वेगाने कानात घुसेल. पण ट्रक परळीकडून आला की बीडकडून, हे ओळखताना मात्र चांगलीच फसगत होईल!

का? सांगतो ना. नाक दाबा, डुबकी मारू.

माहीत आहे का? 20 अंश तापमानाला हवेत आवाज सेकंदाला 343 मीटर धावतो आणि पाण्यात 1482 मीटर. म्हणजे 4.3 पट! तासाचा हिशेब केला तर 5,300 किलोमीटरच्या वर. या शर्यतीत पाणी हवेला चक्क पाणी पाजतं.

अजून नीट कळायला आपलाच कालवा घ्या. जायकवाडीचा उजवा कालवा पैठणहून निघतो आणि 132 किलोमीटर चालून माजलगाव धरणात येतो. समजा पैठणला कुणी हाळी दिली आणि वाटेत ती अजिबात विरली नाही. हवेतून माजलगावला पोचायला तिला जवळजवळ साडेसहा मिनिटं लागतील. पाण्यातून? दीड मिनिट! तेवढ्यात आपला चहासुद्धा उकळत नाही. आणि पाणी स्वतः? ते बापडं वाटेत मुक्काम करत येतं.

“पाणी दाट असतं, म्हणून आवाज फास्ट,” असं शाळेत कुणी सांगितलं असेल तर कान पकडा. स्वतःचे! दाटपणा उलट आवाजाचे पाय ओढतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 830 पट जड आहे. पण दाबायला गेलं तर ते हवेपेक्षा जवळजवळ 15 हजार पट हट्टी आहे. दबतच नाही. या हट्टीपणाला जडपणाने भागा, वर्गमूळ काढा, उत्तर येतं 4.3. झालं गणित, सुटली शाळा.

पुरावा हवाय? पारा घ्या. पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड. तरी त्यात आवाजाचा वेग पाण्यापेक्षा किंचित कमीच भरतो, 1450 च्या आसपास. दाटपणावर सगळं असतं तर पाऱ्याने केव्हाच बाजी मारली असती.

बरं, हे मोजलं कुणी? 1826 सालची गोष्ट. स्वित्झर्लंडचं जिनिव्हा सरोवर, रात्रीची वेळ, दोन होड्या. एकीखाली पाण्यात टांगलेली घंटा. घंटेवर टोला पडला की त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा भडका उडायचा. साडेतेरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या होडीत कोलाडोन नावाचा तरुण पाण्यात लांबलचक कर्णा खुपसून, त्याला कान लावून बसलेला. भडका दिसला की घड्याळ चालू, ‘टण’ ऐकू आलं की बंद. साडेनऊ सेकंदांच्या आत आवाज हजर! उत्तर निघालं सेकंदाला 1435 मीटर. सरोवराचं पाणी आठ अंशांवर थंडगार होतं. तेवढ्या थंडीचा आजचा आकडा आहे 1439. कर्णा आणि घड्याळाच्या भरवशावर फक्त चार मीटरची चूक. सलाम!

हो, पाणी तापलं की आवाजाचा वेग वाढतो. पण गंमत पुढे आहे. साध्या पाण्यात हा वेग 74 अंशांपर्यंत वाढतो, 1555 ला पोचतो आणि तिथून पुढे तापवलं की चक्क कमी व्हायला लागतो! हवेचं तसं नाही. ती तापेल तितका आवाज सुसाट. मे महिन्यात 42 अंशांना तेलगावात मारलेली हाक डिसेंबरातल्या पहाटेच्या हाकेपेक्षा सेकंदाला 15 मीटर तरी पुढे असते. उन्हाळ्यात भांडणं लवकर पेटतात त्याचं कारण हे नव्हे, पण सांगायला बरं आहे.

आता सुरुवातीचा ट्रक. हॉर्न कुठून आला हे आपल्याला कळतं, कारण दोन कानांत अंतर आहे. आवाज एका कानाला आधी लागतो, दुसऱ्याला फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका उशिरा. एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा ओळखतो. (आणि आपण त्याला चष्मा कुठे ठेवला ते विचारतो!) पाण्यात आवाज चौपट वेगवान, म्हणून हा फरक चौपट बारीक होतो. त्यात पाण्याखाली आवाज कानाच्या भोकाची वाटच बघत नाही. थेट कवटीच्या हाडातून आत. मेंदूचा पार गोंधळ. कालव्यात पोहताना मित्राने पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटले की ‘टक्’ आपल्या डोक्यातच वाजल्यासारखं होतं, आठवतंय? तेच हे.

माहीत आहे का? पाण्यात गेलं तरी सूर बदलत नाही. वेग चौपट, लाटेची लांबी चौपट, पण सा तो साच! सिंक्रोनाइज्ड स्विमिंगवाल्या मुली पाण्याखालच्या स्पीकरवर गाणं ऐकत ठेका धरतात, तो काही उगाच नाही.

गेट बंद आहे!

पाण्यात आवाज पळतो मस्त, पण आत शिरायची बोंब. हवेतून आलेला आवाज पाण्यावर आदळला की हजारातले 999 हिस्से तिथूनच माघारी. आत जातो जेमतेम एक. तोही आवाज जवळजवळ सरळ वरून पडला तर. 13 अंशांपेक्षा जास्त तिरका आला की सपाट पाण्याचा दरवाजा पूर्ण बंद. एवढी कडक एन्ट्री तर व्हीआयपी लग्नातही नसते.

लग्नावरून आठवलं. धरणाच्या काठाने डीजे लावून वरात निघाली, काठावरची खिडक्यांची तावदानं थरथरली, म्हातारी माणसं दारं लावून बसली. पाण्यातल्या रोहूला? त्या गोंगाटाचा जेमतेम उडता शिंतोडा. नशीबवान मासा.

मग गळ टाकून बसलेले आजोबा “गप बसा रे, मासे पळतील” म्हणतात ते खोटं? अर्धं. तुमच्या गप्पा पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरतात. पण काठावर पाय आपटलात, तर तो धक्का जमिनीतून सरळ पाण्यात उतरतो. तेव्हा गप्पा खुशाल मारा, उड्या मारू नका.

याच बंद गेटचा फायदाही आहे. बोअरमध्ये पाणी किती खोल आहे ते बघायचंय? वरून आवाजाचा एक ठोका सोडा. पाणी त्याला आत घेत नाही, परत पाठवतं. पाणी दीडशे फुटांवर असेल, तर ठोका पाव सेकंदाहून किंचित जास्त वेळात जाऊन येतो. पाणीपातळी मोजणारी काही यंत्रं याच तत्त्वावर चालतात. बाकी बोअर कोरडं निघाल्यावर मालकाच्या तोंडून जो आवाज येतो, तो मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

आणि विहीर? दगड टाका आणि मोजा. ‘डुबुक’ दोन सेकंदांनी आलं, तर पाणी साधारण साठ फुटांवर. यातला बहुतेक वेळ दगडाच्या पडण्याचा. आवाज वर यायला लागतो सेकंदाचा साधारण विसावा भाग.

थांबा थांबा. ते ‘डुबुक’ नक्की कुणाचं? दगडाचं? पाण्याचं?

दोघांचंही नाही. हवेचं!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी स्वतः उठून नळाखाली बादली ठेवून बघितली. थेंब पडतो, पाण्यात खळगा होतो, खळगा मिटताना त्याच्या तळाशी हवेचा एक बारका बुडबुडा अडकतो. तो बुडबुडा लहानमोठा होत थरथरतो आणि वाजतो. थेंबाचं पडणं जवळपास मुकं असतं! केंब्रिज विद्यापीठाच्या अनुराग अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये हाय-स्पीड कॅमेरा आणि पाण्याखालचा मायक्रोफोन लावून हे पकडलं. डोक्यात किडा शिरला कसा? मित्राच्या घरी गेले होते, छत गळत होतं, खाली भांडं ठेवलेलं, आणि रात्रभर टप्, टप्, टप्. आपण असतो तर घरमालकाला फोन केला असता.

बोनस टिप: रात्री नळ गळतोय आणि प्लंबर उद्या येणार? बादलीत भांडी घासायचं लिक्विड थोडं टाका. पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, बुडबुडा नीट अडकत नाही आणि ‘टप्’ गप्प.

बुडबुड्याला सूर असतो, हे 1933 मध्ये मिनार्ट या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं होतं. बुडबुडा मोठा तर सूर खाली, छोटा तर वर. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला 3,300 वेळा थरथरतो. ओढ्याची खळखळ, माठातल्या पाण्याची गडगड, नळाचा भसाभसा, सगळे याच घराण्याचे गवई. म्हणजे वेगाचा एवढा तोरा मिरवणाऱ्या पाण्याची वाचा हवेकडे गहाण पडलेली! इतकी वर्षं आपण कवितेत पाण्याला क्रेडिट देत आलो. कुठेतरी पाणी मुरत होतं ते असं.

माहीत आहे का? रिमझिम पाऊस पाण्याखालून ऐकला, तर त्याचा सूर 15 हजार हर्ट्झच्या आसपास चढलेला असतो, कारण साधारण मिलिमीटरभर जाडीचे थेंब इवलेसे बुडबुडे सोडतात. मुसळधार पावसाचा आवाज वेगळा. म्हणून भर समुद्रात, जिथे पर्जन्यमापक घेऊन कुणी उभं राहणार नाही, तिथे पाण्याखालचा मायक्रोफोन टाकून पाऊस मोजता येतो. आमच्याकडे पाऊस मोजायला माणसं आहेत. पाऊसच तेवढा वेळेवर पाठवा.

आता किचनमध्ये चला. उकळतं पाणी कपात घ्या, इन्स्टंट कॉफी टाका, ढवळा आणि लगेच चमच्याने कपाच्या तळाला आतून टक्-टक् करत राहा. सूर आधी खाली असतो, मग चढत-चढत वर जातो. कप तोच, चमचा तोच! ढवळल्याने सुटलेले बारीक बुडबुडे पाण्यातल्या आवाजाला ब्रेक लावतात. ते जसजसे निघून जातात, तसा आवाज पुन्हा पळायला लागतो. अभ्यासकांनी याला ‘हॉट चॉकलेट इफेक्ट’ असं गोड नाव दिलंय. बीडमध्ये शोध लागला असता तर ‘बासुंदी इफेक्ट’ म्हटलं असतं.

आणि हा ब्रेक किती करकचून लागतो ऐका. पाण्यात 1482, हवेत 343. दोघांची निम्मी-निम्मी भेळ केली तर मधलाच आकडा येईल, नाही का? साफ चूक! सेकंदाला फक्त 20 मीटर. म्हणजे ताशी 72 किलोमीटर. मोकळ्या रस्त्यावर लालपरीसुद्धा त्याला टक्कर देईल! त्या फेसात जडपणा पाण्याचा येतो आणि दबण्याची सवय हवेची. दोन्हींचे वाईट गुण एकत्र. अशा जोड्या आपण पाहिल्यात, नावं घेत नाही.

समुद्रात पवनचक्कीचे खांब ठोकताना याच युक्तीने चहूबाजूंनी बुडबुड्यांचा पडदा सोडतात. ठोकण्याचा धडाका त्यात अडकतो, बाहेरचे डॉल्फिन निवांत.

सोनाराची सोनार

पाण्याखाली मोबाइलला रेंज नाही. खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी काही मीटरांतच दम तोडतात. म्हणून पाणबुडीचा सगळा भरवसा आवाजावर, म्हणजे सोनारवर. हा सराफा गल्लीतला नव्हे! आवाज सोडायचा, प्रतिध्वनी ऐकायचा, वेळ मोजायची. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस कलवरी’ 14 डिसेंबर 2017 ला नौदलात आली, तीही याच कानांनी समुद्र ऐकते.

धरणातला गाळही असाच मोजतात. बोटीतून आवाजाचा ठोका खाली, तळाला आपटून वर. वीस मीटर खोलीला सेकंदाच्या 37 व्या भागात उत्तर हातात. नाशिकची ‘मेरी’ ही संस्था राज्यातल्या धरणांच्या गाळाचा अभ्यास करते. धरणात पाणी किती हे सगळे विचारतात, गाळ किती हे फक्त आवाज विचारतो.

पण सोनारलाही वामकुक्षी असते बरं का! दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अमेरिकन नौदलाच्या लक्षात आलं की सकाळी चोख चालणारं यंत्र दुपारी आंधळं होतं. आधी ऑपरेटरवरच संशय, जेवून पेंगत असेल! खरा गुन्हेगार होता सूर्य. वरचं पाणी तापलं की आवाज खालच्या थंड पाण्याकडे वाकतो आणि पाणबुडीला लपायला सावली मिळते. याचं अधिकृत नावच ‘आफ्टरनून इफेक्ट’. दुपारी एक ते चार बंद, हा शोध फक्त पुण्याचा नाही.

हीच वाकायची खोड समुद्रात एक भन्नाट हायवे तयार करते. सुमारे हजार मीटर खोलीवर आवाजाचा वेग सर्वांत कमी असतो. वर गरमी, खाली दाब, दोन्हीकडे वेग जास्त. त्यामुळे मधे अडकलेला आवाज वर-खाली वळत त्याच लेनमध्ये राहतो. 1944 मध्ये ही लेन सापडली. 1960 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळ समुद्रात सुरुंग उडवले आणि ते सुमारे 20 हजार किलोमीटरवर, जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, बर्म्युडाला ऐकू आले. पावणेचार तासांच्या आसपास लागले. इतक्या वेळात तेलगावहून लालपरीने छत्रपती संभाजीनगरसुद्धा गाठून होईल की नाही, शंकाच.

निळा देवमासा आपला खर्ज लावून पाण्यातून शेकडो किलोमीटर निरोप पाठवतो. तो सूर आपल्या कानांच्या पट्टीच्या खालचा, त्यामुळे शेजारी गात असला तरी नीट ऐकू येणार नाही. हा पाहुणा फार लांबचा समजू नका. 2015 मध्ये सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोर कोकण सीटेशियन रिसर्च टीमला निळे देवमासे दिसले होते.

माहीत आहे का? त्याचा आवाज 188 डेसिबल, असं वाचून “जेटपेक्षा मोठा!” म्हणत फॉरवर्ड करू नका. पाण्यातल्या आणि हवेतल्या डेसिबलची मोजपट्टी वेगळी. तुलना करायची तर पाण्याच्या आकड्यातून सुमारे 62 वजा करायचे. राहतात 126. तरी डीजेवाल्याने हात जोडावेत इतके आहेतच.

आकार बघू नका, चुटकी वाजवणारी कोळंबी बघा. बोटाएवढी. एक नांगी अशी फटकन मिटते की पाण्यात पोकळ बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना बंदुकीसारखा आवाज होतो, वर क्षणभर उजेडही. शिकार जागच्या जागी गार. या कोळंब्यांच्या वस्तीजवळ सोनारवाल्यांना दुसरं काही ऐकूच येत नाही.

कान कुणाचे कसे, हा तर वेगळाच तमाशा. डॉल्फिन खालच्या जबड्याने ऐकतो. आणि माशाचं अंग जवळपास पाण्यासारखंच, आवाज आरपार निघून जातो. मग रोहू, कटला, मृगळ करतात काय? पोटात हवेची पिशवी, ती आवाजाने थरथरते आणि इवल्या हाडांची एक साखळी ती थरथर कानापर्यंत नेते. 1820 मध्ये वेबर यांनी ही साखळी वर्णिली. बघा, ऐकायलाही शेवटी हवाच लागली! जिलेटिनचे स्फोट करून मासे मारणारे हीच पिशवी फोडतात. बेकायदा आहेच, शिवाय पिल्लांसकट सगळा वंश जातो.

आपला आतला कानही पाण्यासारख्या द्रवाने भरलेला आहे. मग ते 999 हिस्से परत पाठवणारं गेट? त्यावर निसर्गाने जुगाड केलाय: तीन हाडं, हातोडी, ऐरण आणि रिकीब. कानाच्या मोठ्या पडद्यावरचा जोर ती साधारण सतरा पट लहान खिडकीवर एकवटतात. हातोडी, ऐरण… म्हणजे सोनाराचं दुकान आपल्या कानातच होतं की!

सोनोग्राफीच्या वेळी पोटावर गार जेल का फासतात? प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पापुद्रा राहिला, तर आवाज आत जाणारच नाही. आत शिरला की तो सेकंदाला 1540 मीटरने पळतो, जवळजवळ पाण्यासारखाच. याच यंत्राने बीड जिल्ह्याची मानही खाली घातली. 2011 च्या जनगणनेत इथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या 807. आवाजाने बाळ दाखवलं, काहींनी ते नको म्हटलं.

आणि ते बाळ आतून ऐकत असतं बरं! जन्माच्या बरंच आधीपासून, गर्भजलात बुडून. बाहेरच्या बारीक आवाजांना अडसर असतो, पण आईचा आवाज तिच्या हाडामांसातूनच पोचतो. 1980 च्या एका प्रयोगात तीन दिवसांच्या आतली बाळं आईचाच आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलताना दिसली. चक्रव्यूहाचा अख्खा प्लॅन समजेल असं नाही, पण अभिमन्यू अगदीच हवेत नव्हता!

जाता जाता एक पैज. काचेची बाटली घ्या, चमच्याने वाजवा. पाणी वाढवत जा, सूर उतरत जाईल. जलतरंगाच्या वाट्यांसारखाच, कारण थरथरणाऱ्या काचेवर पाण्याचं ओझं वाढतं. आता त्याच बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारा. पाणी वाढवलं की सूर चढेल! इथे गाते ती वरची हवा, आणि तिची जागा कमी-कमी होत जाते. एकच बाटली, दोन उलट उत्तरं. पैजेचे पैसे अर्धे माझे.

टँकरच्या पाईपखाली हंडा लावून तिकडे शेजारणीशी बोलणाऱ्या मावशी हंड्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. भराभरा, भरा, भर्र… आवाज बारीक होत चढायला लागला, की बोलता बोलताच हात पुढे. तोंडाशी उरलेली चार बोटं हवा त्यांना सांगत असते.

ऐकलं का? चढला. सरकवा हंडा!